बॅटमॅन, हिंदुराव आणि आस्वादाचा प्रश्न

गेल्या गळीत हंगामात, ऐन थंडीत, आम्ही तिघे अंकुशनगरला मुक्कामाला होतो. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील ही वसाहत साखर कारखान्याच्या भोवती वाढलेली. हंगामात रात्रभर रस्त्याच्या कडेला उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात आणि मळीचा वास घरातल्या अंथरुणापर्यंत येतो. आम्ही तिघेही साहित्य शिकवतो. एकाचे बिऱ्हाड तेथे आहे. आसपासच्या गावांतली बी.ए.च्या वर्गांतली दहाबारा मुलेमुली समीक्षेच्या पेपरातल्या अडचणी घेऊन त्याच्याकडे येतात. त्या संध्याकाळी अभ्यास लवकर आटोपला, कोणीतरी प्रोजेक्टर मागून आणला आणि एका मुलाच्या पेन ड्राइव्हमधला ‘द डार्क नाईट’ हिंदी आवाजांसह भिंतीवर लागला. ख्रिस्तोफर नोलनचा हा चित्रपट 2008 सालचा. आमच्यापुढे बसलेल्यांपैकी काहींचा जन्मच त्याच्या आगेमागे झालेला. अडीच तास कोणी जागचे हलले नाही. आम्हीही नाही.

आम्हांला चित्रपट आवडला, आणि नुसता आवडला असे म्हणून भागणार नाही: आम्ही त्यात रमलो. जोकर रुग्णालयातून परिचारिकेच्या वेषात बाहेर पडतो तेव्हा हसलो. तो पैशांचा डोंगर पेटवतो तेव्हा मनातल्या मनात टाळी दिली. पोलीस कोठडीत बॅटमॅन त्याला भिंतीवर आपटतो तेव्हा खोलीत शिट्टी वाजली, ती आमच्याच बाजूने वाजली असे नंतर सांगण्यात आले. हे नोंदवण्याचे कारण असे की याच आम्ही वर्गात, वर्तमानपत्रातली कोठडीतील मारहाणीची बातमी वाचून दाखवून, सत्तेच्या हिंसेवर तास घेतलेले आहेत. एकाच माणसात हे दोन्ही नांदतात, त्याचे काय करायचे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आपल्याकडे अशा आनंदाची वासलात लावण्याच्या दोन तऱ्हा रूढ आहेत. पहिली सोवळ्याची. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या; त्यांचे झुंजार आणि काळा पहाड कायद्याच्या कडेकडेने चालत, रात्रीचे चोर आणि दिवसाचे सभ्य गृहस्थ. दोन पिढ्यांच्या महाराष्ट्राने त्यांचे बोट धरून वाचायला सुरुवात केली, आणि त्यांतले जे पुढे प्राध्यापक झाले त्यांनी अभ्यासक्रमात त्यांना उंबऱ्याबाहेर उभे केले. दुसरी तऱ्हा अलीकडची आणि अधिक चतुर. तिच्यात आवडलेल्या गोष्टीला ‘गुंतागुंतीची नैतिकता’ असे नाव दिले की काम भागते. नायक काळाही नाही, पांढराही नाही, करडा आहे, म्हणून कलाकृती थोर! करडेपणा हा जणू गुणपत्रिकेवरचा शेरा आहे. सोवळेवाला निदान आपल्याला मजा आली होती हे विसरत नाही. म्हणून तर तो हात धुतो. दुसरा मजेला विचार समजून बसतो.

येथे शब्दाचीही एक अडचण आहे. आपण ‘प्रतिनायक’ म्हणतो. पण संस्कृत नाट्यशास्त्रात प्रतिनायक म्हणजे नायकाचा प्रतिस्पर्धी, रामापुढचा रावण. ‘कोसला’ 1963 साली आली तेव्हापासून पांडुरंग सांगवीकराच्या निमित्ताने आपण ‘अनायक’ हा शब्दही वापरून पाहिला. पण सांगवीकर काही करतच नाही, आणि बॅटमॅन तर गरजेपेक्षा जास्त करतो. जुन्या शास्त्रातला त्याचा खरा नातेवाईक धीरोद्धत नायक. दर्प, मत्सर, कपट, चंडपणा हे अवगुण असूनही त्याला नायकाच्या चार प्रकारांत जागा दिलेली आहे. याचा अर्थ, अवगुणी माणसात प्रेक्षक रमतो ही बातमी नोलनने दिलेली नाही. ती हजार वर्षांपूर्वीच शास्त्राच्या वहीत चढली होती.

आता चित्रपटाकडे वळू. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी शेवटाकडचा भाग सांगणे भाग आहे. गॉथम शहराचा सरकारी वकील हार्वी डेंट हा उजळ माथ्याचा माणूस. गुंडांना कायद्याने आत टाकतो, आणि शहराला वाटते की आता मुखवटेवाल्याची गरज उरली नाही. जोकर त्याची प्रेयसी मारतो, त्याचा अर्धा चेहरा जळतो, आणि डेंट नाणे उडवून माणसे मारू लागतो. शेवटी तोही मरतो. पोलीस अधिकारी गॉर्डन हिशेब मांडतो: डेंटच्या नावावर पाच मुडदे, त्यांत दोन पोलिसांचे. हे बाहेर आले तर डेंटने आत टाकलेले सगळे सुटतील आणि शहराची उमेद खचेल. तेव्हा बॅटमॅन म्हणतो, ते खून माझ्या नावावर टाका. तो अंधारात पळतो, मागे कुत्री लागतात, गॉर्डन आपल्या मुलाला या पळणाऱ्याचे मोठेपण समजावून सांगतो.

या शेवटाच्या रचनेकडे नीट पाहावे. त्याच काही मिनिटांत आणखी दोन गोष्टी घडतात. नायकाचा वृद्ध सेवक आल्फ्रेड एक पत्र जाळतो. जी आपली होणार होती असे नायक समजतो, तिने दुसऱ्याला निवडल्याचे त्यात लिहिलेले असते. आणि शहरातल्या प्रत्येकाचा मोबाइल फोन कान-डोळा बनवणारे पाळतीचे यंत्र वापरून झाल्यावर नष्ट होते. एक सामाजिक खोटे, एक घरगुती खोटे आणि एक राजकीय पाप. तिन्हींवर हॅन्स झिमर आणि जेम्स न्यूटन हॉवर्ड यांचे एकच चढते संगीत पसरलेले. प्रेक्षकाला विचार करायला उसंत नाही. त्याचा ऊर भरून येतो. आमचाही आला. कारागिरी म्हणून हे अव्वल आहे, यात शंका नाही.

दिवे लागले. चर्चा अर्थातच जोकरवर गेली, कारण हीथ लेजरचे काम तसेच आहे. 22 जानेवारी 2008 रोजी, चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वी तो वारला, आणि पुढच्या वर्षी ऑस्कर त्याला मरणोत्तर मिळाले. एका मुलाला ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्यामागचा अब्जाधीश, फार ओळखीचा वाटला. ज्याचे उद्योग शहराला पोसतात, ज्याच्या बापाने शहराला आगगाडी दिली, जो आपल्या घरी मेजवानी देऊन निवडणुकीतल्या माणसासाठी निधी उभा करतो, असा माणूस न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाला परीकथेतला वाटत असेल. सहकाराच्या मुलखात वाढलेल्या मुलाला तो परीकथेतला वाटत नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी 1950 साली सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हापासून महाराष्ट्रात अशी कितीतरी गावे वसली जिथे कारखाना, शाळा, दवाखाना, पतपेढी आणि महाविद्यालय यांची मुळे एकाच ठिकाणी पोहोचतात. त्यात निंदेचे काही नाही; आमच्या पिढीतल्या अनेकांची शिक्षणे त्यामुळेच झाली. पण उपकार करणाऱ्याकडे गाव कोणत्या नजरेने पाहते, हे त्या मुलाला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

मग इतका वेळ गप्प बसलेली एक मुलगी म्हणाली, “सर, मग त्या पाच जणांच्या घरी काय सांगितलं असंल?”

आम्हांला आधी कळलेच नाही की ती कोणत्या पाच जणांविषयी बोलते आहे. कळले तेव्हा उत्तर नव्हते. डेंटने मारलेल्यांच्या बायकामुलांना, खुनी बॅटमॅन आहे, असेच सांगितले जाणार. त्यांचे दुःख खरे, पण त्याचा पत्ता खोटा. ती माणसे गुन्हेगार असतील, लाचखाऊ पोलीसही असतील. तरी कोणी मारले हे कळण्याचा घरच्यांचा हक्क त्यामुळे संपत नाही. चित्रपटाच्या 152 मिनिटांत त्यांच्यासाठी एक मिनिटही नाही, आणि आम्ही तो पूर्वी दोनदा पाहिलेला असूनही ते आमच्या ध्यानात आले नव्हते. त्या मुलीचे आईवडील तेव्हा ऊसतोडीला कर्नाटकात होते, एवढे आम्हांला ठाऊक आहे. त्या माहितीचा तिच्या प्रश्नाशी संबंध जोडण्याचा मोह आम्ही टाळतो, वाचकांनीही टाळावा. प्रश्न चित्रपटाविषयी होता आणि समीक्षा म्हणून तो बिनतोड होता.

रात्री उशिरापर्यंत आम्ही तिघे त्यावर बोलत राहिलो. एकाने न. चिं. केळकर काढले. 1921 च्या बडोदे संमेलनाच्या अध्यक्षपदावरून केळकरांनी काव्यानंदाला ‘सविकल्प समाधी’ म्हटले. वाचक स्वतःचे अस्तित्व न सोडता दुसऱ्याच्या अस्तित्वात शिरतो. तो दुर्योधनही होतो आणि आरामखुर्चीत बसलेला स्वतःही राहतो. परीक्षेत आपण हे टिपणाच्या पाच गुणांपुरते शिकवतो. पण धीरोद्धताच्या आस्वादाला याहून चांगली किल्ली आम्हांला माहीत नाही. कोठडीतल्या मारहाणीत शिट्टी वाजवणारा आणि बातमी वाचून अस्वस्थ होणारा असे दोन वेगळे माणूस नसतात. समाधी आणि विकल्प असे एकाच अनुभवाचे ते दोन पाय आहेत. म्हणून त्या शिट्टीची आम्हांला लाज वाटत नाही. प्रश्न पुढचा आहे: विकल्पाला जागे ठेवण्यासाठी कलाकृती काही करते का, की त्याला अंगाई गाते?

दुसऱ्याने अभिनवगुप्त आणला. रसाभासाच्या चर्चेत रावणाच्या सीतेवरील अनुरागाचे उदाहरण येते. अभिनवगुप्ताचे म्हणणे आम्हांला असे समजले आहे की ऐकताना तो अनुराग शृंगारच वाटतो, रसिक तन्मय होतो. अनौचित्य मागाहून ध्यानात येते, शिंपल्यात रुपे दिसावे आणि मग तो शिंपला आहे असे कळावे तसे. या ‘मागाहून’ शब्दात फार मोठा समंजसपणा आहे. तन्मय झालात हा गुन्हा नाही, असे तो शास्त्रकार म्हणतो. फक्त मागाहूनचा तो क्षण यायला हवा. अंकुशनगरच्या त्या खोलीत तो क्षण बी.ए.च्या एका विद्यार्थिनीने आणला, चित्रपटाने नव्हे.

यावर सहज आक्षेप येईल की प्रत्येक लोकप्रिय कलाकृतीकडून एवढी अपेक्षा का ठेवावी? उत्तर असे की मराठीने ती अपेक्षा भर तिकीटबारीवर पुरी केलेली आहे. अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ 1962 च्या ऑक्टोबरात दिल्लीत रंगभूमीवर आले आणि पुढे दशकानुदशके चालले. लखोबा लोखंडे हा निपाणीचा तंबाखूचा व्यापारी नावे बदलून बायकांशी लग्ने लावतो आणि त्यांना लुबाडतो. गोष्टीच्या मागे एक गाजलेला खरा खटला होता. प्रभाकर पणशीकर पाच वेषांत येत आणि फिरत्या रंगमंचावर प्रत्येक वेषाला टाळी पडे. महाराष्ट्राचा सभ्य, कुटुंबवत्सल मध्यमवर्ग एका नीच माणसाच्या हुशारीवर मनापासून लुब्ध झाला. पण नाटकाची बैठक पाहा: न्यायालय. आरोपी स्वतःच आपला खटला चालवतो, साक्षीदारांना टोपी घालतो, सभागृह हसते. आणि ज्या फसवल्या गेल्या त्या त्याच्या समोर, त्याच प्रकाशात उभ्या असतात. हसू येते तेव्हाही त्या दिसत असतात. अत्र्यांनी मजेत कपात केली नाही. त्यांनी साक्षीदारांना घरी पाठवले नाही, इतकेच.

आणि ‘सामना’. जब्बार पटेलांचा हा पहिला चित्रपट, पटकथा विजय तेंडुलकरांची, निर्मिती रामदास फुटाण्यांची. 1975 च्या बर्लिन महोत्सवात तो गेला होता. साखरेच्या मुलखातला हिंदुराव धोंडे-पाटील हा निळू फुल्यांनी असा उभा केला आहे की त्याच्यावरून नजर हटत नाही. तो क्रूर आहे, विनोदी आहे, पाहुणचार करणारा आहे, आणि गावाचे भले केल्याचा त्याचा दावा सरसकट खोटाही नाही. कोठून तरी भरकटत आलेल्या एका दारुड्या मास्तरला तो ठेवून घेतो, आपला सारा पसारा कौतुकाने दाखवतो. श्रीराम लागूंचा हा मास्तर सगळे पाहतो, हिंदुरावाची दारू पितो, आणि मारुती कांबळे नावाच्या माणसाचे पुढे काय झाले याची चौकशी काही सोडत नाही. त्या चौकशीला मराठीत आता म्हणीचे रूप आले आहे. ज्यांनी चित्रपट पाहिला नाही तेही ती वापरतात. (गैरसमज नको म्हणून सांगतो: हिंदुराव पूर्ण कल्पित आहे, आणि ज्या गावात बसून आम्ही हे बोललो त्याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.)

मास्तर हा कोणी धुतल्या तांदळाचा माणूस नाही, हे तेंडुलकरांचे मर्म. तो हिंदुरावाच्या आनंदात सहभागी आहे. त्याच्यात केळकरांची सविकल्प समाधी हातात पेला घेऊन बसली आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही. आपण हिंदुरावावर लुब्ध होतो तेव्हा मास्तर आपल्यातलाच एक असतो, आणि तोच आठवण करून देतो. ‘द डार्क नाईट’मध्ये मास्तर नाही. तेथे सत्य माहीत असलेली सगळी शहाणी माणसे, गॉर्डन, आल्फ्रेड, नायक स्वतः, एकजुटीने ठरवतात की लोकांना ते पेलणार नाही. आणि हे त्या चित्रपटाने ठरवावे, ज्याने थोड्याच वेळापूर्वी दोन बोटींचा प्रसंग दाखवला! एकीत कैदी, दुसरीत नागरिक, दोघांच्या हाती एकमेकांना उडवण्याची कळ. कोणीच ती दाबत नाही, एक कैदी तर ती खिडकीतून फेकून देतो. लोकांवर विश्वास ठेवता येतो याचा एवढा देखणा पुरावा मांडून मग त्याच लोकांना खोटे सांगायचे, ही विसंगती नोलनच्या ध्यानात आली नसेल असे नाही. तिला त्याने संगीताखाली झाकले, असे आमचे मत आहे.

आमच्यातला तिसरा येथे बॅटमॅनच्या बाजूने उभा राहिला, आणि त्याचे म्हणणे नोंदवणे न्यायाचे होईल. 2012 च्या ‘द डार्क नाईट राइझेस’मध्ये हे खोटे फुटते. डेंटच्या नावाने केलेल्या कायद्याखाली हजारभर माणसे तुरुंगात कुजत असतात. बेन हा खलनायक गॉर्डनने लिहून ठेवलेली कबुली भर रस्त्यात वाचून दाखवतो आणि तुरुंगाची दारे उघडतो. म्हणजे नोलनला किंमत माहीत होती, असे आमच्या मित्राचे म्हणणे. मान्य. पण सत्य कोणाच्या तोंडी दिले आहे पाहा. शहर जाळायला निघालेल्याच्या. ते त्याच्या हातात शस्त्र म्हणून येते, आणि त्या पाच घरांपर्यंत तेव्हाही कोणी जात नाही. मित्राने यावर कोठडीचा प्रसंग काढला. बॅटमॅन एवढे मारतो आणि हाती काय लागते? जोकर हसतो, पत्ते उलटे सांगतो, जिला वाचवायचे ती मरते. मारहाणीने सत्य मिळत नाही, हे त्या प्रसंगात उघड आहे; आम्ही शिट्टीच्या नादात पाहिले नाही, हा दोष चित्रपटाचा कसा? येथे मात्र आम्ही निरुत्तर झालो. त्या प्रसंगात विकल्प होता. झोपलो होतो आम्ही.

तेव्हा हा चित्रपट वर्गात दाखवावा की नाही, यावर आमचे एकमत झाले नाही. ‘सामना’च्या जोडीने दाखवावा, असे दोघे म्हणतात. तिसऱ्याला वाटते, जोडी लावून दिली की मुले आपल्याला हवे तेच उत्तर देतील. एकटाच दाखवावा आणि नंतर पुरेसा वेळ गप्प बसावे. अभ्यासमंडळे दोन्हींना जागा देतील असे दिसत नाही. असो.

सकाळी निघताना ती मुलगी पेन ड्राइव्ह न्यायला आली होती. परीक्षेच्या आत परत दे, असे तिला बजावले. ती म्हणाली, बोटींचा भाग आईला दाखवायचा आहे, आई चैतात आली की.